एकाच कायद्याच्या दारातले दोन अर्ज

‘पालक आणि पाल्य अधिनियम’ हा इंग्रजांनी 1890 साली केलेला कायदा. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके या कायद्याच्या दारात दोन प्रकारची माणसे मूल मागायला उभी राहिली. एक, स्वीडन, इटली किंवा अमेरिकेतून आलेले परदेशी दाम्पत्य. दुसरे, इथलेच मुसलमान, ख्रिस्ती किंवा पारशी दाम्पत्य. दोघांसाठीही भारतात दत्तकाचा कायदा नव्हता. न्यायालय दोघांना एकच गोष्ट देऊ शकत होते, ती म्हणजे मुलाचे पालकत्व. कायद्याच्या भाषेत ते त्या मुलाचे आई-बाप होत नसत.

परदेशी दत्तकाच्या कागदपत्रांचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी वाचत नाही. तो वकिलांचा आणि संस्थाचालकांचा विषय मानला जातो. मुसलमानांना तर तो आपला विषयच वाटत नाही, कारण ‘आपल्यात दत्तक नसते’ हे वाक्य लहानपणापासून कानावर पडलेले असते. पण हा इतिहास वाचू लागलो तेव्हा मला त्यात परक्यांइतकीच आपलीही गोष्ट दिसली. परदेशी माणूस त्या दारातून आत शिरून कागदाच्या बळावर आई-बाप होऊन बाहेर पडला. गोंदियाचा मुसलमान मात्र त्याच दारात अनेक वर्षे थांबून राहिला. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

कागद नसलेली मुले

गोंदिया हा आज स्वतंत्र जिल्हा आहे. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर, सगळे भंडाऱ्याला. त्याहीआधी हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. आई-बाप मेले, मुले उरली. सरकारच्या दुष्काळ संहितेत अनाथ मुलांसाठी कलमे होती, पण कलमांपेक्षा मुलांची संख्या मोठी होती. ख्रिस्ती मिशनांनी हजारो मुले आपल्या अनाथालयांत नेली. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना सोबत घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा मोठा विस्तार या दुष्काळांतूनच झाला.

या लोकांनी जीव वाचवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या वेळी एक वादही उभा राहिला, तो असा की मुलाचा धर्म कोणता, त्याचे नातेवाईक कुठे आहेत आणि त्याला नेण्याचा अधिकार कोणी दिला. हिंदू समाजाने तो वाद घातला, मुसलमानांनीही घातला. त्या वादातील धार्मिक चढाओढ बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतोच. जे मूल आपले गाव सोडून दूर गेले, ते मोठे झाल्यावर ‘मी कुणाचा?’ असे विचारेल, तेव्हा त्याला उत्तर देणारा कागद कुठे असेल? दुष्काळातल्या बहुतेक मुलांसाठी असा कागद कुठेच नव्हता.

1890 च्या कायद्याने काय दिले?

‘पालक आणि पाल्य अधिनियमा’नुसार मूल जिथे राहते, तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. म्हणजे गोंदियाच्या माणसाने भंडाऱ्याला. अर्जात मुलाचे नाव, लिंग, धर्म, जन्मतारीख आणि राहण्याचे ठिकाण लिहायचे. न्यायालय मुलाचे हित बघणार, ते मूल ज्या कायद्याखाली येते तो कायदा बघणार, मुलाचा धर्म आणि अर्जदाराची वागणूक बघणार, आणि मग पालक नेमणार. नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला त्याच्या हद्दीबाहेर नेता येत नसे. कलम 26 त्यासाठीच होते.

कायदा वाईट नव्हता. मुलाच्या मालमत्तेची, शिक्षणाची, तब्येतीची जबाबदारी तो पालकावर टाकत होता. मात्र मूल सज्ञान झाले की पालकत्व संपत असे. त्यात एक गंमत अशी की, न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलाचे सज्ञान होण्याचे वय 18 नव्हे, 21 धरले जाई. 1999 मध्ये दुरुस्ती झाली आणि सर्वांसाठी 18 झाले. पण 18 असो की 21, त्या दिवसानंतर कायद्याच्या नजरेत पालक आणि पाल्य यांच्यात काहीही उरत नव्हते. मूल वारस नव्हते. जन्मदाखल्यावर आई-बापाचे नाव बदलत नव्हते.

याउलट शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध कुटुंबासाठी 1956 चा ‘हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम’ आला. त्या कायद्यात बौद्ध, जैन, शीखही येतात. देणारे आणि घेणारे तयार असले, अटी पाळल्या, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवले की झाले. त्यांना बहुतेक वेळा न्यायालयाची पायरीही चढावी लागत नसे. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन निपुत्रिक जोडप्यांसाठी कायद्याचे दोन वेगळे रस्ते होते.

आपल्या घरांतून मुले वाढवली गेली नाहीत असे मात्र नाही. गोंदियाच्या बीडी कारखान्यांत आणि राइस मिलमध्ये राबणाऱ्या मुसलमान कुटुंबांत मी असे कितीतरी पाहिले आहे. बहिणीचा मुलगा खालाने वाढवला, मेलेल्या भावाची मुलगी चाचाच्या घरून सासरी गेली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारले, ‘बापाचे नाव?’ आणि चाचाने आपलेच नाव सांगून टाकले. पुढे त्याच नावावर टीसी, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र. मग कधीतरी घराच्या वाटणीचा दिवस येतो, किंवा पासपोर्टसाठी जन्मदाखला मागितला जातो, आणि दोन कागदांवरचे दोन बाप समोरासमोर उभे राहतात. वाढवणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, पण कागदावर खोटे लिहिले गेले होते. त्याची किंमत मोजायची वेळ मुलावर येते.

परदेशी रांग आणि 1984 चा निकाल

साठ-सत्तरच्या दशकांत युरोप-अमेरिकेतून भारतीय मुलांना मागणी वाढली. परदेशी दाम्पत्य स्वतः येई किंवा मुखत्यारपत्र पाठवी. इथला वकील त्याच 1890 च्या कायद्याखाली अर्ज करी. पालकत्वाचा आदेश मिळे, मुलाला देशाबाहेर नेण्याची परवानगी मिळे, पासपोर्ट निघे. खरे दत्तक तिकडच्या न्यायालयात, तिकडच्या कायद्याने होई. मुंबई उच्च न्यायालयाने 1972 मध्ये एक नियम केला, की परदेशी माणसाचा असा अर्ज आला की भारतीय समाजकल्याण परिषदेला कळवावे, म्हणजे कोणी तटस्थ संस्था मुलाच्या बाजूने बघेल. पण असे नियम सगळीकडे नव्हते. अनेक ठिकाणी वकिलाने मांडलेले कागद आणि न्यायाधीशाची सही एवढ्यावर मूल देशाबाहेर जात होते.

1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयातील वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी न्यायालयाला पत्र लिहिले. एका परदेशी नियतकालिकाच्या पाहणीचा आधार घेऊन त्यांनी म्हटले की, दत्तकाच्या नावाखाली मुलांना जीवघेण्या प्रवासाला पाठवले जाते आणि तिकडे त्यांचे हाल होतात. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. परदेशी दत्तकासाठी संसदेचा कायदा नव्हता, म्हणून न्यायालयानेच त्याची कार्यपद्धती आखून दिली.

त्या निकालातली कागदपत्रांची यादी लांबलचक आहे. पहिल्यांदा वाचताना ती कंटाळवाणी वाटते. पण प्रत्येक कागदामागे एक भीती आहे, हे लक्षात आले की यादी बोलू लागते.

न्यायाधीश स्टॉकहोमला जाऊन घर बघू शकत नाही, म्हणून तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेचा गृह अभ्यास अहवाल. त्यात घर, शेजार, नवरा-बायकोचे संबंध, इतर मुले, त्यांचा स्वभाव, हे सगळे. लग्नाचा दाखला, वैद्यकीय दाखले, नोकरीचा आणि उत्पन्नाचा पुरावा, बँकेचा संदर्भ, कुटुंबाची छायाचित्रे. अर्जदार कोणत्याही दलालामार्फत नव्हे, तर त्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच आला पाहिजे, ही अट. मूल मध्येच कुठल्याही देशाचे नाही अशा अवस्थेत लटकू नये, म्हणून दोन वर्षांच्या आत तिकडे कायदेशीर दत्तक पूर्ण करण्याची हमी. गेलेल्या मुलाचे काय झाले हे कळावे म्हणून पहिली दोन वर्षे दर तिमाहीला आणि पुढची तीन वर्षे दर सहामाहीला छायाचित्रासह प्रगती अहवाल.

इकडच्या बाजूने मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी. मूल देणाऱ्या आईवर दबाव आला नाही ना, हेही बघायचे. मूल जन्मण्याआधी निर्णय घ्यायचा नाही, आणि दिल्यानंतर फेरविचारासाठी तीन महिने द्यायचे. संस्थेने खर्च किती घ्यावा यावर मर्यादा. आणि सगळ्यात आधी, भारतातच कोणी कुटुंब मिळते का ते शोधायचे. ते मिळाले नाही तरच परदेश.

हा निकाल म्हणजे परदेशी दाम्पत्यासाठी 1890 च्या कायद्याच्या दारातून पुढे जाण्याचा रस्ता होता. पालकत्व भारतात घ्या, दोन वर्षांत दत्तक आपल्या देशात पूर्ण करा. पण भंडाऱ्याच्या न्यायालयात अर्ज करणाऱ्या मुसलमान जोडप्याला ‘तुमच्या देशात जाऊन दत्तक पूर्ण करा’ असे कोण सांगणार? त्याचा देश हाच होता, आणि या देशात त्याच्यासाठी तो कायदा नव्हता.

कायदा का नव्हता?

तो होता होता राहिला. 1972 मध्ये ‘बालक दत्तक विधेयक’ राज्यसभेत मांडले गेले. ते सर्व धर्मीयांना लागू होणार होते. तत्कालीन कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी त्याला समान नागरी कायद्याच्या दिशेने पहिले पाऊल म्हटले. त्या एका वाक्याने मुलाचा प्रश्न बाजूला पडला आणि कौमच्या अस्तित्वाचा प्रश्न पुढे आला. डिसेंबर 1972 मध्ये मुंबईत मुस्लिम पर्सनल लॉ संमेलन भरले आणि पुढच्या वर्षी ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झाले. या हालचालींमागे दत्तक विधेयक हे एक मोठे कारण होते. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, रखडले आणि 1978 मध्ये मागे पडले. डिसेंबर 1980 मध्ये लोकसभेत नवे विधेयक आले, ते मुसलमानांना वगळून. तेही मंजूर झाले नाही. म्हणजे ख्रिस्ती आणि पारशी जोडपीही आमच्यासोबत त्याच दारात राहिली.

इथे एक जुना तपशील सांगण्यासारखा आहे. शरियत कायदा 1937 चा. त्याच्या कलम 2 मध्ये निकाह, तलाक, मेहर, पालकत्व, हिबा, वक्फ अशा विषयांना मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू केला. त्या यादीत दत्तक नाही. दत्तक, मृत्युपत्र आणि त्याने मिळणारी मिळकत हे विषय कलम 3 मध्ये वेगळे ठेवले. ज्याला या बाबतींतही शरियत लागू करून घ्यायची आहे, त्याने तसे लेखी जाहीर करायचे. म्हणजे 1937 साली हे माहीत होते की काही मुसलमान समूहांत रूढीने दत्तक घेतले जाते. तेव्हाच्या कायदेकर्त्यांनी ती निवड माणसावर सोडली होती. 1972 च्या गदारोळात या निवडीची आठवण फारशी कोणी ठेवली नाही.

हजरत जैद यांचे नाव

उलेमांचा आक्षेप नीट समजून घेतला पाहिजे. तो मूल वाढवण्याला कधीच नव्हता. पैगंबर स्वतः यतीम होते. आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि नंतर चाचा अबू तालिब यांनी त्यांची कफालत केली. यतीमाचा सांभाळ हे मोठे पुण्य मानले गेले आहे. आक्षेप आहे तो मुलाचा वंश पुसण्याला.

जैद बिन हारिसा यांची कहाणी सर्वांना माहीत आहे. लहानपणी पळवून विकले गेलेले, पैगंबरांच्या घरी वाढलेले. त्यांना ‘जैद बिन मुहम्मद’ म्हटले जाई. सूरह अहजाबमधील आदेशानंतर ते पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले. नाव बदलले, माया बदलली नाही. पुढे मूताच्या लढाईत त्यांच्याकडे सैन्याचे नेतृत्व दिले गेले आणि तिथेच ते शहीद झाले.

या आदेशाचा अर्थ मी असा लावतो की, मुलाला त्याचा बाप माहीत असला पाहिजे. तुम्ही त्याला कितीही प्रेम द्या, त्याच्यापासून त्याचे मूळ हिरावून घेऊ नका. आणि गंमत अशी की, गेल्या चाळीस वर्षांत जगाने परदेशी दत्तकाबाबत जो धडा शिकला, तो याच मुद्द्यापाशी येऊन थांबतो.

1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, अनुच्छेद 20 मध्ये, कुटुंबाविना राहिलेल्या मुलाच्या सांभाळाचे पर्याय सांगताना दत्तकाच्या सोबत ‘कफालत’ हा शब्द इस्लामी कायद्याचा म्हणून लिहिला आहे. भारताने 1992 मध्ये हा करार स्वीकारला. पुढे 29 मे 1993 रोजी हेग येथे आंतरदेशीय दत्तकाचा करार झाला. भारताने तो 2003 मध्ये मंजूर केला. त्याच्या अनुच्छेद 30 प्रमाणे मुलाच्या मुळाबद्दलची माहिती, विशेषतः आई-बापाची ओळख आणि वैद्यकीय इतिहास, जपून ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. जैद यांचे नाव परत देणाऱ्या आदेशाला आणि या अनुच्छेदाला जोडणारी चिंता एकच आहे.

कागद चुकला तर

ही चिंता पुस्तकी नाही. 1989 मध्ये मुंबईहून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीची गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली होती. तिला तिकडे एकामागून एक घरे बदलावी लागली. तिच्या नागरिकत्वाचा कागद कोणी पूर्णच केला नव्हता. अमेरिकेने 2000 मध्ये दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला, पण 27 फेब्रुवारी 2001 रोजी जी मुले अठराच्या आत होती त्यांनाच तो लागू झाला. पुढे एका गुन्ह्याच्या प्रकरणात अडकल्यावर 2008 मध्ये तिला भारतात परत पाठवण्यात आले. नवरा आणि मुले तिकडे, ती मुंबईत, आणि इथली भाषा तिला येत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात तिने दाद मागितली. एक अर्ज भरायचा राहिला, आणि बालपण ते संसार असे सगळे आयुष्य बेकायदा ठरले.

दुसरे उदाहरण पुण्याहून जर्मनीला दत्तक गेलेल्या अरुण डोहले यांचे. त्यांच्याकडे घर होते, नागरिकत्व होते. त्यांना आपली आई कोण हे हवे होते. आपल्याच दत्तकाची फाइल पाहण्यासाठी त्यांना भारतातील न्यायालयांत वर्षानुवर्षे लढावे लागले. फाइल होती, पण ती त्यांच्या हातात देण्याची व्यवस्था नव्हती. आज दत्तक नियमांत ‘मूळ शोध’ यासाठी तरतूद आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. जन्मदात्या आईची गोपनीयता जपून, शक्य तेवढी माहिती तिला द्यायची असते. अशा लढ्यांशिवाय ही तरतूद झाली नसती.

दार उघडले ते कसे?

परदेशी दत्तकाच्या व्यवहारावर नजर ठेवण्यासाठी 1990 मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयात न्या. एफ. आय. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती जोडप्याच्या बाजूने निकाल दिला आणि सांगितले की, सोडून दिलेल्या मुलाला नाव आणि घर मिळण्याचा हक्क आहे. 2000 मध्ये बाल न्याय कायदा आला. त्याच्या कलम 41 मध्ये दत्तकाची तरतूद होती आणि त्यात धर्माची अट नव्हती. 2006 च्या दुरुस्तीने दत्तक मूल हे पूर्ण हक्कांसह कायदेशीर अपत्य आहे, हे स्पष्ट केले.

शबनम हाश्मी यांनी एका मुलीला वाढवले होते, आणि त्यांनाही फक्त पालकत्वच मिळाले होते. 2005 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पर्सनल लॉ बोर्डानेही न्यायालयात आपली बाजू मांडली आणि कफालतीची पद्धत समजावून सांगितली. 19 फेब्रुवारी 2014 रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणाले की, बाल न्याय कायदा कोणावर सक्ती करत नाही. ज्याला दत्तक घ्यायचे आहे त्याने या कायद्याने घ्यावे, ज्याला आपला व्यक्तिगत कायदा पाळायचा आहे त्याने तो पाळावा. दत्तक घेणे हा मूलभूत हक्क आहे असे मात्र न्यायालयाने मानले नाही. थोडक्यात, 1937 मध्ये माणसावर सोडलेली निवड 2014 मध्ये पुन्हा माणसाच्या हाती आली. 2015 च्या नव्या बाल न्याय कायद्याने हा रस्ता कायम ठेवला.

आज गोंदियातून फाइल कशी जाते?

गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. समजा एखादे मूल फलाटावर एकटे सापडले. त्याला 24 तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर न्यावे लागते. नातेवाइकांचा शोध सुरू होतो. वर्तमानपत्रात फोटोसह निवेदन येते. ‘या बालकाच्या पालकांनी संपर्क साधावा’ ही चौकट आपण विदर्भातल्या दैनिकांत पाहून पान उलटतो. त्या चौकटीला कायद्यात वजन आहे. ती वाचून कोणी आले नाही, पोलिसांचा शोधही निष्फळ ठरला, तर समिती त्या मुलाला ‘दत्तक मुक्त’ जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी त्याची मुदत दोन महिने, त्यापुढील मुलासाठी चार महिने. आई-बापांनी स्वतः मूल समर्पित केले असेल तर फेरविचारासाठी त्यांना 60 दिवस असतात.

परदेशात उघडल्या जाणाऱ्या फाइलचा पहिला कागद हा असा गोंदियाच्या समितीच्या सहीचा असू शकतो. त्यानंतर मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल काराच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर जातो. आधी भारतात राहणाऱ्या आणि अनिवासी भारतीय कुटुंबांना संधी, मग परदेशी नागरिकांना. परदेशी अर्जदाराने आपल्या देशातील अधिकृत संस्थेमार्फत अर्ज केलेला असतो. तिकडच्या सरकारची संमती आली की कारा ना हरकत प्रमाणपत्र देते. मग मूल ज्या जिल्ह्यातील दत्तक संस्थेत आहे तिथे आदेशासाठी अर्ज जातो. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. 2021 च्या दुरुस्तीने, 1 सप्टेंबर 2022 पासून, तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे कलेक्टरकडे आला. चालू प्रकरणे कलेक्टरकडे पाठवावीत का, यावर मुंबई उच्च न्यायालयात वादही झाला. आदेशानंतर हेग कराराप्रमाणे अनुरूपता प्रमाणपत्र, पासपोर्ट, व्हिसा. आणि मूल गेल्यावर दोन वर्षे पाठपुरावा.

2018-19 मध्ये देशात कारामार्फत 4027 दत्तके झाली. त्यांपैकी 3374 देशांतर्गत होती आणि 653 परदेशी. परदेशी घरांत जाणाऱ्या मुलांमध्ये मोठ्या वयाची आणि आजारी किंवा अपंग मुले बरीच असतात. ज्यांना इथल्या कुटुंबांनी नाकारले, ती. परदेशी दाम्पत्याने ढीगभर कागद भरून, वर्ष-दोन वर्षे थांबून त्यांना नेलेले असते. ‘मुले विकली जातात’ असे सरसकट बोलण्याआधी हा भाग लक्षात ठेवला पाहिजे. आणि ‘परदेशात गेले म्हणजे भले झाले’ असे म्हणण्याआधी 1984 चा निकाल वाचला पाहिजे.

आपण काय करायचे?

आपल्यातील अनेक तरुण आखाती देशांत आहेत. तिथल्या अनेक देशांत दत्तक मानले जात नाही, कफालत मानली जाते. तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला भारतातून मूल दत्तक घ्यायचे असेल, आणि त्या देशात काराची अधिकृत संस्था नसेल, तर भारतीय दूतावासामार्फत जाण्याची सोय नियमांत आहे. पण मूल तिकडे नेताना व्हिसा कोणत्या नात्याने मिळेल, हे आधी विचारून घ्यावे. दत्तकाचा आदेश भारतात पक्का असला तरी दुसऱ्या देशाच्या दारात तो तसाच चालेल असे नाही.

ज्यांना श्रद्धेने कफालतच पाळायची आहे, त्यांनी ती कागदावर पाळावी. 1890 चा कायदा आजही आहे. नात्यातले यतीम मूल घरात आणले असेल तर न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घ्यावा. शाळेच्या रजिस्टरमध्ये बापाच्या जागी खऱ्या बापाचे नाव आणि पालकाच्या जागी आपले नाव लिहावे. शरियतही हेच सांगते. मूल वारस होत नाही, पण हयातीत हिबा करता येतो आणि मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. हे आज करून ठेवले तर उद्या भाऊबंद त्या मुलाला घराबाहेर काढू शकणार नाहीत. ज्यांना दत्तकच घ्यायचे आहे त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्याचा रस्ता खुला आहे. कोणीही एकाने दुसऱ्याला काफिर किंवा मागासलेला म्हणण्याचे कारण नाही.

1972 साली आपण दत्तकाचा प्रश्न आपल्या ओळखीचा प्रश्न म्हणून लढलो. तो ओळखीचाच प्रश्न होता, पण मुलाच्या ओळखीचा. वंश जपण्याची आपली शिकवण घेऊन आपण तेव्हा पुढे झालो असतो आणि ‘प्रत्येक दत्तक मुलाची मूळ नोंद जपली जाईल’ असे कलम मागितले असते, तर या देशाच्या कायद्याला आपण काहीतरी दिले असते. ते कलम शेवटी हेगमधून आले. आता निदान आपल्या घरात वाढणाऱ्या मुलांच्या कागदांवर तरी त्यांचे खरे नाव लिहूया.